कच्ची वही, पक्की पावती : चाचणीतल्या सॉफ्टवेअरवर चाललेल्या कारभाराचा इतिहास

(ब्राह्मणपुरी, ता. शहादा, जि. नंदुरबार इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



शेतातली कामं आटोपून, दुकानं लवकर बंद करून तुम्ही सगळे आलात, त्याबद्दल आधी आभार. आजचा विषय ऐकून दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात सॉफ्टवेअर कुठून आलं? प्रश्न बरोबर आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण हिशेबालाही इतिहास असतो. कोणी काय लिहून ठेवलं, कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि नोंद चुकली तेव्हा पैसे कोणाच्या खिशातून गेले, हा त्याचा विषय. आज आपण त्यातलं एक अगदी अलीकडचं प्रकरण बघणार आहोत. पूर्ण तयार न झालेलं, अजून चाचणीत असलेलं सॉफ्टवेअर माणसं आपल्या धंद्याला आणि कारभाराला जोडतात, तेव्हा काय होतं?

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

आमच्या मामांचं याच तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. खत, बियाणं, औषधं. हा धंदा उधारीवर चालतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. जूनमध्ये माल जातो, कापूस किंवा पपई विकली गेली की पैसे येतात. मामांकडे लाल कापडी बांधणीच्या वह्या होत्या, प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान वेगळं. आम्ही तेव्हा शहरात शिकून नवे नवे आलो होतो. एक बिलिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. त्याच्या नावापुढे बारीक अक्षरात 'बीटा' असं लिहिलेलं होतं. आम्हाला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. तरी वाटलं, फुकट आहे, दिसायला छान आहे, काय बिघडतं? मामा म्हणाले, "भाचा, तू म्हनस ते खरं व्हई, पन वही मी ठेवसू." आम्ही हट्टाला पेटलो. दोन ठिकाणी लिहायचं तर संगणक कशाला घेतला, असं आमचं म्हणणं. शेवटी पाडव्याला मामांनी नवी वही घातलीच नाही.

पाच महिने उत्तम गेले. मग एक दिवस सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच नावाची खाती एकत्र झाली. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन-तीन माणसं असतात. वहीत मामा 'विहिरीवाला', 'टेकडीवाला', 'अमक्याचा धाकटा' अशी खूण लिहायचे. सॉफ्टवेअरला ती खूण आम्ही दिली होती, पण नव्या आवृत्तीत तो रकानाच गळाला. तिघांची उधारी एका खात्यावर आली. बॅकअप होता, पण तो त्याच संगणकावर, आणि उघडायचा तर त्याच नव्या आवृत्तीतून. कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर सभ्य होतं : ही चाचणीची आवृत्ती आहे, जशी आहे तशी दिलेली आहे, नुकसानीची जबाबदारी आमची नाही, हे आपण स्वीकारलेलं आहे. आणि खरंच स्वीकारलेलं होतं. 'मान्य' वर बोट आम्हीच ठेवलं होतं.

बहुतेक हिशेब लोकांच्या खिशातल्या डायऱ्या आणि पावत्या बघून जुळवले. एक हिशेब जुळला नाही. एक म्हातारे बाबा म्हणत होते, मी पैसे देऊन गेलो. आमच्याकडे तसं दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं याला काही किंमतही उरली नव्हती. मामांनी ती रक्कम सोडून दिली. पण ते बाबा पुन्हा दुकानात आले नाहीत. पैसे माफ झाले म्हणून त्यांना बरं वाटलं नाही. आपल्याला विचारलं गेलं, आपल्या शब्दावर शंका घेतली गेली, हे त्यांच्या मनाला लागलं. वीस-पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, त्याहून जास्त घरोबा, एका अपडेटने गेला.

या प्रसंगानंतर आम्ही या विषयाचा मागोवा घ्यायला लागलो. तर आधी हा 'बीटा' शब्द आला कुठून, ते बघू.

बीटा हे ग्रीक लिपीतलं दुसरं अक्षर. पण संगणकाच्या धंद्यात ते आलं अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीच्या रिवाजातून. १९५० च्या दशकात तिथे यंत्र बाजारात आणण्याआधी 'ए' चाचणी आणि 'बी' चाचणी अशा पायऱ्या होत्या. 'ए' म्हणजे ही कल्पना जमण्यासारखी आहे का. 'बी' म्हणजे बनवलेली वस्तू खरंच चालते का. पुढे त्याचं अल्फा आणि बीटा झालं, आणि यंत्रांवरून ते नाव सॉफ्टवेअरवर गेलं. मूळ अर्थ साधा होता : ही वस्तू अजून तपासली जात आहे, मोजक्या आणि जाणत्या लोकांनी वापरून दोष सांगावेत. तिच्यावर कोणी दुकान चालवावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

इंटरनेट आलं आणि हा अर्थ सैल झाला. त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे जीमेल. १ एप्रिल २००४ ला जीमेल सुरू झालं, नावाखाली 'बीटा' अशी पाटी घेऊन. ती पाटी उतरली ७ जुलै २००९ ला. पाच वर्षं तीन महिने! तोपर्यंत कोट्यवधी लोक ते वापरत होते, कित्येकांचे धंदे त्या पत्रांवर चालत होते. पाटी का उतरवली, हे गुगलने स्वतःच सांगितलं : मोठ्या कंपन्यांना हे विकायचं होतं, आणि चाचणीत असल्यासारखी वाटणारी वस्तू मोठ्या कंपन्या घेत नाहीत. आता बघा यात गंमत काय आहे ती. मोठी कंपनी पाटी वाचते आणि थांबते. तिच्याकडे वकील आहेत, तपासनीस आहेत. पाटी न वाचता पुढे जातो तो तुमच्या-आमच्यासारखा छोटा माणूस, ज्याला नुकसान सगळ्यात कमी परवडतं.

जीमेलच्या बाबतीत फार बिघडलं नाही, कारण वस्तू चांगली निघाली. पण त्या पाच वर्षांत सगळ्या जगाला एक सवय लागली. 'बीटा' म्हणजे 'नवीन आणि चांगलं' असं लोक समजायला लागले.

वास्तविक आपल्या भाषेला हा भेद फार जुना आहे. आपण कच्चं आणि पक्कं म्हणतो. कच्ची नोंद, पक्की नोंद. कच्चा खर्डा, मग पक्कं पत्र. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दींचे ढीग आहेत. रोजच्या रोज झालेला व्यवहार कीर्दीत, मग तो माणसागणिक किंवा विषयागणिक खतावणीत, मग तेरीज, मग ताळेबंद. एकच रक्कम दोन-तीन ठिकाणी लिहिली जायची. आज वाटतं, केवढा हा वेळेचा अपव्यय! पण एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी पकडली जावी, म्हणूनच तो खटाटोप होता. नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापाऱ्याकडे, शहाद्याच्या अडत्याकडे ही रीत आमच्या लहानपणापर्यंत चालू होती. आणि त्यांचा एक अलिखित नियम होता : कच्च्या वहीवरून पक्की पावती फाडायची नाही. आधी ताळा घ्यायचा, मग पावती.

आज जे सांगायचं आहे ते एवढंच. कच्ची वही असण्यात काही वाईट नाही, प्रत्येक पक्की गोष्ट कधीतरी कच्ची असतेच. धोका सुरू होतो तो कच्च्या वहीवर पक्की पावती फाडली जाते तेव्हा, आणि त्याच वेळी जुनी वही मिटून ठेवली जाते तेव्हा. आता हा नियम हातात धरून आपण गेल्या काही वर्षांतली चार-पाच उदाहरणं बघू. पहिलं तर आपल्याच तालुक्यातलं आहे.

टेंभली. शहादा तालुका. २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी टेंभलीत आले, नंदन नीलेकणी होते, आणि देशातला पहिला आधार क्रमांक गावातल्या एका महिलेला दिला गेला. त्या दिवशी दहा जणांना क्रमांक मिळाले. इथल्या बऱ्याच जणांना तो दिवस आठवत असेल. जगातल्या सगळ्यात मोठ्या ओळख-प्रकल्पाची सुरुवात आपल्या तालुक्यात झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे, आम्ही ती नाकारत नाही. आणि काही चाचण्या त्याआधी झाल्याही होत्या. ग्रामीण भागात बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं टिपता येतात का, हे त्या वर्षी आंध्र, कर्नाटक आणि बिहारमध्ये तपासलं गेलं होतं.

पण त्या चाचणीने उत्तर दिलं होतं नोंदणीच्या प्रश्नाचं. रोजच्या वापराचा प्रश्न निराळा होता. उन्हाळ्यात मजुरी करून घासलेलं बोट, दर महिन्याला, रेशन दुकानातल्या यंत्रावर, सातपुड्याच्या पायथ्याच्या रेंजमध्ये जुळेल का? याचं उत्तर प्रत्यक्ष दुकानातच मिळणार होतं. कायदाही मागून आला. विधेयक संसदेत मांडलं गेलं डिसेंबर २०१० मध्ये, म्हणजे टेंभलीनंतर. २०११ च्या शेवटी संसदेच्या स्थायी समितीने ते नापसंत केलं. कायदा झाला २०१६ मध्ये. मधल्या काळात, सप्टेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आधार नाही म्हणून कोणाची अडवणूक होता कामा नये.

मग पॉस मशीन दुकानात आली आणि नवे शब्द आपल्या तोंडी रुळले. 'अंगठा येत नाही.' 'सर्व्हर डाऊन आहे.' 'उद्या या.' केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात ठसे न जुळण्याच्या प्रमाणाचे अंदाज दिले आहेत : झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७ टक्के, गुजरात ६ टक्के. एकाच पद्धतीचे हे तीन आकडे बघा. एखादी गोष्ट एका राज्यात शंभरातल्या सहा जणांना नाकारते आणि दुसऱ्या राज्यात जवळजवळ निम्म्यांना नाकारते, तेव्हा ती अजून कच्ची आहे. तिच्यावर अन्नाची पक्की पावती फाडायची वेळ आलेली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहून बजावलं, की आधार नाही किंवा जुळत नाही म्हणून कोणाला रेशन नाकारू नका, वहीत वेगळी नोंद करून धान्य द्या. म्हणजे शेवटी वहीच आठवली!

आता २०१७ या वर्षावरच थोडं थांबू. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे वर्ष या विषयाचं पाठ्यपुस्तक आहे. तीन प्रकरणं एकाच वर्षात घडली.

पहिलं मुंबई विद्यापीठाचं. उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. पण ती सगळ्या शाखांना, एकदम, त्याच हंगामात लावली गेली. सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. काम सुरू झालं तेव्हा प्राध्यापकांचं प्रशिक्षण अपुरं, स्कॅनिंग मागे पडलेलं, काही उत्तरपत्रिका सापडत नाहीत, काहींची पानं दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकेत. राज्यपालांनी ३१ जुलैपर्यंत निकाल लावा म्हणून मुदत दिली. ती टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं गेलं. पण ज्या मुलांचे पुढचे प्रवेश हुकले, त्यांचं वर्ष कोणी परत दिलं? तपासणीची जुनी पद्धत त्याच हंगामात बंद केलेली होती. परत फिरायला रस्ता ठेवलेला नव्हता.

दुसरं प्रकरण इथल्या प्रत्येक घराशी संबंधित आहे : कर्जमाफी. २४ जून २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. अर्ज ऑनलाइन करायचा. आपले सरकार केंद्रांसमोरच्या रांगा आठवा, रात्री बारा वाजता पोर्टल हलकं होतं म्हणून जागलेली माणसं आठवा. १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रं वाटली गेली. तारीख लक्षात घ्या : नरक चतुर्दशी होती, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. व्यापारी वह्यांची पूजा करतात त्याच्या आदल्या दिवशी सरकारने पक्क्या पावत्या वाटल्या, आणि हिशेब मात्र अजून कच्चा होता. पहिली यादी बँकांकडे गेली तेव्हा एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी, अशा चुका बाहेर आल्या. याद्या पुन्हा तपासायला घ्याव्या लागल्या. माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख अधिकारी बदलले गेले. हातात प्रमाणपत्र, खात्यावर मात्र कर्ज तसंच, अशा अवस्थेत शेतकरी बँकेत हेलपाटे घालत राहिला. मामांच्या दुकानात तीन नावं एका खात्यावर आली होती. इथे तेच राज्याच्या पातळीवर घडलं.

तिसरं जीएसटीचं. १ जुलै २०१७. मध्यरात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सोहळा झाला आणि सकाळपासून देशातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना एकाच पोर्टलवर यावं लागलं. विवरणपत्रांचा मूळ आराखडा पहिल्याच महिन्यांत झेपेना. म्हणून तात्पुरतं, सुरुवातीच्या दोन महिन्यांपुरतं, असं सांगून जीएसटीआर-३बी नावाचं सोपं विवरणपत्र आणलं गेलं. मूळ आराखड्यातली दोन विवरणपत्रं बाजूला पडली, आणि ते तात्पुरतं मात्र आजही आपण भरतो आहोत! कच्च्या वस्तूचा हाही एक स्वभाव आहे : एकदा कारभार तिच्यावर उभा राहिला की ती हलत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एका कंपनीची तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. तिला पोर्टल वापरताच येत नव्हतं, त्यामुळे माल पाठवायची कागदपत्रंही काढता येत नव्हती. न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि न्यायमूर्ती डांगरे यांच्या खंडपीठाने नाराजी स्पष्ट शब्दांत नोंदवली. आशय असा, की नव्या कराचा गाजावाजा झाला, सोहळे झाले, पण करदात्याला संकेतस्थळ उघडताच येत नसेल तर त्या सोहळ्यांना काही अर्थ नाही.

त्याच महिन्यात ई-वे बिल आलं. पन्नास हजारांवरचा माल गाडीत भरला की ऑनलाइन बिल हवं. आपण दोन राज्यांच्या सीमेवर राहतो. पथारीवर वाळवलेल्या मिरचीचा ट्रक नवापूरकडून गुजरातेत जातो, खेतियाकडून मध्य प्रदेशात जातो. बिल नाही तर ट्रक उभा. जानेवारीत चाचणी झाली होती, ती ठीक गेली. १ फेब्रुवारी २०१८ ला सक्ती लागू झाली आणि पहिल्याच दिवशी यंत्रणा कोलमडली. चाचणीत येणाऱ्या गाड्या आणि सक्तीनंतर येणाऱ्या गाड्या यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पण इथे सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली, तिचीही नोंद इतिहासाने घ्यायला हवी. त्याच दिवशी सक्ती मागे घेतली आणि चाचणीची मुदत वाढवली. जुन्या कागदांवर ट्रक चालू राहिले. १ एप्रिलपासून आंतरराज्य वाहतूक, मग १५ एप्रिलपासून गुजरातसह पाच राज्यांत राज्यांतर्गत वाहतूक, मग बाकीची राज्यं, अशी ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. आज ई-वे बिल रोजच्या सवयीचं झालं आहे. पहिल्या दिवशी कोलमडलेली गोष्ट टिकली, कारण जुनी वही मिटवायची घाई केली नाही.

आपल्या देशात हे शहाणपण नवीन नाही. रेल्वेचं आरक्षण संगणकावर आलं ते १९८५-८६ मध्ये, आधी एकट्या दिल्लीत. तिथे घडी बसल्यावर मुंबईसारखी इतर शहरं. बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला, आणि पुढे शाखांत संगणक आले तेव्हा हाताने लिहायचं लेजर आणि संगणक काही काळ बरोबरीने चालले. संध्याकाळी दोन्हीची बेरीज जुळली तरच कर्मचारी घरी जायचे. कुरकुर व्हायची. पण एखाद्याची ठेव हरवली असं होत नव्हतं.

आता एक उदाहरण परदेशातलं. ते सांगतो, कारण त्यातली माणसं आमच्या मामांसारखीच आहेत : छोटे दुकानदार.

ब्रिटनमध्ये गावोगावची पोस्ट ऑफिसं बऱ्याचदा दुकानदार चालवतात. एका बाजूला किराणा, दुसऱ्या बाजूला पोस्टाची खिडकी. १९९९ पासून पोस्टाने त्यांना 'होरायझन' नावाची संगणक यंत्रणा दिली. तिच्यात दोष होते. संध्याकाळी हिशेब लावला की पडद्यावर तूट दिसायची, जी प्रत्यक्षात नव्हती. करारात लिहिलेलं, की तूट दुकानदाराने भरायची. लोकांनी पदरचे पैसे भरले, घरं गहाण टाकली. मदतकेंद्राला फोन केला तर उत्तर मिळायचं, अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. आणि कोर्टात, संगणक बरोबर चालतो आहे, असंच धरून चाललं जायचं. तो चुकतो हे आरोपीने दाखवायचं. ज्याच्याकडे ना यंत्रणेची कागदपत्रं, ना जाणकार, त्याने!

नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींचं दिवाळं निघालं, काहींनी जीव दिला. त्यांत आपल्या भारतीय वंशाचे दुकानदारही होते. अ‍ॅलन बेट्स नावाच्या एका दुकानदाराने वीस वर्षं चिकाटीने लढा दिला. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने यंत्रणेतले दोष मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द झाली, आणि २०२४ मध्ये खास कायदा करून उरलेल्या शेकडो जणांना दोषमुक्त करावं लागलं.

होरायझनवर 'बीटा' अशी पाटी नव्हती, हे लक्षात घ्या. पाटी असती तर निदान कोणी शंका घेतली असती. कच्च्या वस्तूवर 'पक्की' असा शिक्का मारला, की तिच्या चुका माणसाच्या चुका होतात. वहीत खाडाखोड केली तर दिसते, शाई वेगळी दिसते, अक्षर कोणाचं ते ओळखू येतं. संगणकाच्या चुकीला अक्षर नसतं. म्हणून ती समोर बसलेल्या माणसाच्या नावावर जाते. आपल्याकडे अंगठा आला नाही की लोक रेशन दुकानदाराशी भांडतात, आणि वर तपासणी आली की तोच दुकानदार खुलासे देत बसतो. सॉफ्टवेअर बनवणारा त्या भांडणात कुठेच नसतो.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. नवी वस्तू किती बिघडली, यावर नुकसान ठरलं नाही. बिघडल्यावर परत जायला जागा ठेवली होती का, आणि बिघाडाची किंमत कोणाच्या माथी मारली, यावर ठरलं. ई-वे बिल आणि होरायझन, दोन्ही सुरुवातीला चुकले. एकाने चूक मान्य करून जुने कागद चालू ठेवले. दुसऱ्याने वीस वर्षं माणसांनाच खोटं ठरवलं.

मग तुम्ही म्हणाल, नवीन काही वापरायचंच नाही का? असं मुळीच नाही. कोणीच कच्ची वस्तू वापरली नाही तर ती कधी पिकणारच नाही. आमचं म्हणणं एवढंच, की कुठे वापरायची ते आपण ठरवावं. दुकानाची जाहिरात बनवायची आहे, पत्राचा मसुदा करायचा आहे, भावांचा अंदाज बघायचा आहे, तर खुशाल वापरा. चुकलं तर आपलंच चुकेल, आणि लगेच दिसेल. पण जिथे दुसऱ्याचे पैसे आहेत, म्हणजे उधारी, ठेव, मजुरी, उसाचं वजन, तिथे चाचणीतली वस्तू एकटी ठेवू नका. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं रोज येतात, त्यांतल्या अनेकांवर 'प्रीव्ह्यू', 'प्रायोगिक', 'अर्ली अ‍ॅक्सेस' असं लिहिलेलं असतं. ही सगळी बीटाचीच भावंडं आहेत. ते शब्द दिसले की थांबून वाचा.

दुसरं, दोन्ही वह्या बरोबरीने चालवा, आणि त्या किती दिवस चालवायच्या ते ऋतूंवरून ठरवा. आठवड्याभराची चाचणी शेतीच्या धंद्यात कुचकामी आहे. एक खरीप, एक रब्बी, एक दिवाळी आणि एक ३१ मार्च, एवढं सगळं ज्या सॉफ्टवेअरने बघितलं आणि दर महिन्याला वहीशी ताळा जुळला, त्याला पक्कं म्हणा. तिसरं, आपली नोंद त्याच्या बाहेर काढता येते का, ते पहिल्याच दिवशी करून बघा. महिन्याच्या शेवटी कागदावर छापून घ्या, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आणि चौथं, विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : हे चुकलं तर भरपाई कोण देणार? उत्तर 'तुम्हीच' असं असेल, तर निदान जाणून-बुजून घ्या.

आमच्या मामांचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. त्यांनी संगणक टाकून दिला नाही. दुसरं, विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आलं, आजही चालू आहे, बिलं त्यावरच निघतात. पण संगणकाच्या शेजारी लाल वही परत आली. रोज संध्याकाळी मामा पडद्यावरचा आकडा वहीत उतरवतात आणि बेरीज स्वतः मारतात. त्या वहीत एक पान आहे, त्या म्हाताऱ्या बाबांच्या नावाचं. त्यावर रक्कम लिहिलेली नाही. आम्ही एकदा विचारलं, मामा, हे कोरं पान कशाला? तर म्हणाले, ते आले तर लिहायला पाहिजे ना.

बाबा आता हयात नाहीत. पान अजून आहे, आणि ते आमच्या खात्यावरचं आहे, असं आम्ही समजतो.